लघवीचा ताबा आणि डोक्यावरचं चुंबक: गावाहून निघण्याआधी काय काय करायचं

मागच्या उन्हाळ्यात आर्वीकडच्या एका गावात पार्किन्सनच्या एका काकांना व्यायाम शिकवायला गेले होते. निघता निघता काकांच्या मुलाने मोबाइल पुढे केला. परदेशातला व्हिडिओ होता. खुर्चीत बसलेली एक बाई, तिच्या डोक्याशी धरलेलं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं चुंबकाचं यंत्र, आणि ऑपरेशन न करता लघवीवर ताबा मिळेल असा दावा.

"मॅडम, हे नागपूरले भेटते का जी? बाबा रातच्याले पाच-पाच डाव उठते. आईचीबी झोप नाही होत."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वर्धा-यवतमाळच्या गावांमधून बारा वर्षं फिरते आहे. हा प्रश्न आता वरचेवर येतो. कधी झाडावरून पडून कंबर मोडलेल्या पोराच्या घरून, कधी लकव्यातून उठलेल्या आजीच्या सुनेकडून. दर वेळी ओसरीवर बसून तासभर सांगते, म्हणून एकदा लिहून काढते. तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा हा लेख घेऊ शकत नाही. डॉक्टरांसमोर बसण्याआधी घरी काय करायचं आणि तिथे काय विचारायचं, एवढंच यात आहे. क्रम मात्र मोडू नका. वही आधी, यंत्र शेवटी.

पायरी १: बिघाड वर आहे, मध्ये आहे की खाली?

विहिरीवरच्या मोटरला आपल्याकडे 'ऑटो' बसवतात. रात्री लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते, कोणाला उठावं लागत नाही. लघवीच्या पिशवीलाही असा ऑटो जन्मापासून असतो. तो मज्जारज्जूच्या शेपटाकडे, कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास बसलेला आहे. तान्ह्या बाळाचं सगळं त्याच्यावरच चालतं: पिशवी भरली, ऑटो पडला, लंगोट ओला. दोन-तीन वर्षांत मेंदू त्याच्यावर बसतो. कपाळामागचा भाग "थांब, अजून जागा मिळाली नाही" म्हणायला शिकतो. मेंदूच्या बुडाशी आणखी एक केंद्र आहे. पिशवी आवळायची आणि त्याच क्षणी खालचा वॉल्व्ह सोडायचा, ही जोडणी त्याच्याकडे. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिली मावतं, आणि निम्मी भरेपर्यंत मेंदू आपल्याला फारसं कळूही देत नाही.

आता बिघाड कुठे झाला त्यावर लक्षण ठरतं.

वर, म्हणजे मेंदूत बिघाड असेल (पार्किन्सन, लकवा), तर "थांब" म्हणणारा माणूस झोपलेला असतो. थोडी भरली की घाई होते आणि मोरीपर्यंत पोहोचायच्या आत कपडे ओले होतात. पण वॉल्व्ह बहुतेक वेळा नीट उघडतो, पिशवी रिकामी होते.

मध्ये, म्हणजे मान किंवा पाठीच्या मज्जारज्जूत बिघाड असेल (अपघात, मणक्याचा टीबी, गाठ), तर ऑटो सुटा झालेला असतो. पिशवी मनाला येईल तेव्हा आवळते आणि वॉल्व्ह त्याच वेळी घट्ट बंद होतो. वॉल्व्ह बंद ठेवून मोटर चालवली तर पाइप कुठेतरी फुटतोच. इथे फुटतात ती मूत्रपिंडं. पिशवीतला दाब ४० सेंटिमीटर पाण्याच्या वर राहू लागला की लघवी उलटी वर चढण्याचा आणि मूत्रपिंडं खराब होण्याचा धोका वाढतो. दुखत काहीच नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

खाली, म्हणजे ऑटोतच किंवा त्याच्या वायरीत बिघाड असेल (कमरेखालच्या नसा दबणं, जुना मधुमेह), तर पिशवी सैल पडते. भरत राहते, आवळत नाही, आणि शेवटी काठावरून थेंब थेंब सांडते. घरचे म्हणतात, लघवी तर होतेच आहे की! होत नसते. टाकी भरून वाहत असते.

मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या, नसांचं आवरण जागोजागी खराब करणाऱ्या आजारात डाग मेंदूतही असतात, मज्जारज्जूतही. त्यामुळे घाई आणि तुंबणं दोन्ही एकाच माणसात सापडतं.

हे सगळं इतकं लांबवण्याचं कारण एकच. मेंदूवर चुंबकाचे ठोके देणं म्हणजे वरच्या माणसाशी बोलणं. त्याचा निरोप खाली पोहोचायला मधली वायर, निदान तिचे काही धागे, शिल्लक हवेत. मज्जारज्जू पूर्ण तुटला असेल तर वर कितीही ठोकलं तरी खालच्या ऑटोला काही ऐकू येणार नाही. यवतमाळकडच्या एका घराने शेळ्या विकून शहरातल्या एका क्लिनिकमध्ये पोराला वीस बैठकांचं पॅकेज घेऊन दिलं होतं. पोराच्या कमरेखाली काहीही लागत नव्हतं, गुदद्वाराजवळची जाणीवही शून्य. त्याची इजा पूर्ण आहे की अपूर्ण, हे तिथे तपासलंच नव्हतं. मला कळलं तेव्हा वीसही बैठका संपलेल्या होत्या. म्हणून डिस्चार्ज कार्डावर इजा कुठल्या मणक्याची आणि पूर्ण की अपूर्ण, हे लिहिलेलं आहे का ते आजच पाहा. नसेल तर लिहून घ्या.

पायरी २: या गोष्टी असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि गाडी काढा

लघवी पूर्ण तुंबली आहे आणि ओटीपोट फुगलं आहे. थंडी वाजून ताप आला आहे आणि लघवी गढूळ, वास मारणारी आहे. कंबरदुखी होतीच, पण आता अचानक पाय लुळे पडले, बसायच्या जागेला बधिरपणा आला आणि लघवी अडली. या शेवटच्यात तास मोजले जातात, रात्र झाली तरी थांबू नका.

आणखी एक गोष्ट घरच्यांना कोणी सांगतच नाही. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचं डोकं अचानक ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, वरच्या अंगाला घाम फुटला, तर रक्तदाब झपाट्याने चढतो आहे असं समजा. बहुतेक वेळा कारण भरलेली पिशवी असते. त्याला आडवं करू नका, उलट बसतं करा. कपडे सैल करा, लघवीची नळी मुडपली किंवा तुंबली आहे का पाहा, पिशवी रिकामी करा. तरी उतरलं नाही तर सरळ दवाखाना.

पायरी ३: वही

काकांच्या मुलाला मी त्या दिवशी यंत्राबद्दल काहीच सांगितलं नाही. तीन दिवस वही करा म्हटलं. त्याचं तोंड उतरलं.

मोजायला घरात भांडं नव्हतं. काकींनी गोडेतेलाची लिटरची रिकामी बाटली विळीवर कापली. मी बॅगेतली ५० मिलीची सिरिंज काढली, ५०-५० मिली पाणी टाकत गेले आणि दर वेळी मुलाने सुनेच्या नेलपॉलिशने बाटलीवर रेघ ओढली. काकींना लिहिता येत नाही. त्यांनी स्वतःच युक्ती काढली. लघवीच्या दर ५० मिलीला एक उभी काडी आणि कपडा ओला झाला तर टिंब. वेळ नातीने लिहायची. किती प्यायलं त्याला गोल: चहाचा छोटा, पाण्याचा मोठा. मोठ्या दवाखान्यातला छापील तक्ता माझ्याकडे होता, पण काकींची वही त्याहून साफ निघाली.

तुम्हीही हेच करा. सलग तीन दिवस आणि तीन रात्री. दर वेळी चार गोष्टी: वेळ, किती मिली, घाई किंवा गळती झाली का, मधल्या वेळात काय प्यायलं. नळीने काढत असाल तर नळीतून किती निघाली ते वेगळं लिहा. लग्नाचे, पोळ्याचे, बाजाराचे दिवस टाळा, कारण त्या दिवशी कोणीच नेहमीसारखं खात-पीत नाही. आणि वहीसाठी म्हणून पाणी कमी-जास्त करू नका.

आपल्याकडे उन्हाळ्यात एक खोड असते. लघवीच्या भीतीने माणसं पाणीच तोडतात, विशेषतः बाया. पारा ४५ वर आणि दिवसभरात चार गिलास पाणी. लघवी दाट होते, पिशवीला चावते, घाई उलट वाढते, आणि जंतुसंसर्ग होतो तो वेगळाच.

काकांच्या वहीत काय निघालं? चोवीस तासांत १,७०० मिली आणि त्यातली १,००० रात्री. उतारवयात रात्रीचा वाटा दिवसभराच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा असेल तर तो जास्त समजतात. इथे तो निम्म्याच्याही पुढे गेला होता. म्हणजे रात्रीच्या पाच खेपांचं मोठं कारण पिशवीचा लहरीपणा नव्हताच, रात्री लघवीच जास्त तयार होत होती. काका दिवसभर ओसरीत पाय खाली सोडून बसायचे, संध्याकाळी घोटे सुजलेले असायचे. आडवं झालं की पायांतलं ते पाणी रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते गाळत बसतात. वर दिवेलागणीनंतर दोन कप चहा आणि झोपताना तांब्याभर पाणी. डोक्यावर कितीही चुंबक लावलं तरी घोट्यातलं पाणी कुठे जाणार?

दिवसाच्या पानावर मात्र खरी घाई होती. दर तासा-दीड तासाने जेमतेम ५०-६० मिली आणि मध्येच एखादं टिंब. तो भाग पिशवीचा, म्हणजेच मेंदूचा. वहीने एका तक्रारीचे दोन तुकडे करून दिले, आणि दोन्हींचे उपाय वेगळे.

पायरी ४: तपासण्या

यातल्या पहिल्या तीन तालुक्याला किंवा जिल्ह्याला होतात: लघवीची तपासणी (ताप किंवा जळजळ असेल तर कल्चरसह), रक्तातली साखर आणि क्रिॲटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा आकडा), आणि पोटाची सोनोग्राफी. सोनोग्राफीला जाताना एक वाक्य पाठ करून जा: "लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते तेही मोजून लिहा." न सांगितल्यास ते राहून जातं, आणि आपल्याला तर तोच आकडा हवा असतो.

चौथी तपासणी युरोडायनॅमिक. बारीक नळीतून पिशवी सावकाश भरत दाब मोजतात. संकोच वाटतो, पण वॉल्व्ह बंद असताना मोटर चालते आहे का, हे तिच्यातच दिसतं. मज्जारज्जूची इजा असलेल्या माणसाने ती टाळू नये. त्यासाठी मोठं ठिकाण गाठावं लागतं. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी, नागपूरचं मेडिकल आणि त्याचं सुपर स्पेशालिटी, मिहानमधलं एम्स, अमरावतीचं सुपर स्पेशालिटी, यातलं तुम्हाला जे जवळ पडेल तिथे आधी फोन करून यंत्र चालू आहे का आणि युरॉलॉजीची, म्हणजे लघवीच्या आजारांची, ओपीडी कुठल्या वारी असते ते विचारा. ओपीडीचा वार चुकला तर एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच समजून घ्या.

पायरी ५: जे आज होऊ शकतं ते आधी

तुंबणाऱ्या पिशवीसाठी ठरावीक वेळाने स्वतः नळी घालून ती रिकामी करणं, याच्या तोडीचं दुसरं काही अजून निघालेलं नाही. अमेरिकेतले युरॉलॉजिस्ट जॅक लॅपिडेस यांनी १९७२ साली दाखवून दिलं की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही. साबणाने धुतलेले हात, स्वच्छ नळी आणि वेळेवर रिकामी होणारी पिशवी पुरे. दर ४ ते ६ तासांनी, आणि एका वेळी ४००-५०० मिलीच्या वर साठू न देता. गावात लोक नळीला घाबरतात आणि कायमची नळी व थैली बरी म्हणतात, कारण ती एकदा लावली की विसरता येते. विसरण्यातच घोटाळा आहे. महिनोन्महिने तीच नळी राहिली की जंतू, खडे आणि मूत्रमार्गाला जखमा ठरलेल्या. नळी घालायला शिकायला चार दिवस पुरतात. नर्सबाईंना लाजू नका, त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने एकदा घालून दाखवा आणि मगच घरी या.

घाईसाठी गोळ्या असतात. पण पार्किन्सनच्या वयस्कर माणसाला ऑक्सिब्युटिनिनसारख्या जुन्या गोळ्यांनी भ्रम होऊ शकतो, बद्धकोष्ठ वाढतं. शेजाऱ्याची गोळी आणून देऊ नका. मिराबेग्रॉन वेगळ्या वाटेने काम करते, तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा, रक्तदाबाचा कागद सोबत ठेवून. त्यापुढे पिशवीत बोटॉक्सचं इंजेक्शन असतं, ते युरॉलॉजिस्ट ठरवतात. आणि पोट साफ ठेवा. भरलेलं आतडं पिशवीवर बसतं, हे इतकं साधं आहे की कोणी मनावर घेत नाही.

आणखी एक उपाय मला विशेष आवडतो, कारण तो गावात होतो: घोट्याजवळच्या नसेला विजेची हलकी झिणझिणी. फिजिओथेरपीत वापरतात तेच छोटं टेन्स यंत्र. पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या हाडाच्या तीन बोटं वर एक पट्टी, टाचेकडे दुसरी. रोज किंवा एक दिवसाआड अर्धा तास, असं बारा आठवडे. जागा बरोबर लागली की अंगठा किंचित वाकतो. ही नस पिशवीच्या नसांच्याच मुळांतून निघते, म्हणून पायाला दिलेला निरोप तिथे पोहोचतो. पेसमेकर असेल किंवा बाई गरोदर असेल तर नको. सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही, पण नागपूरच्या वीस खेपा करण्याआधी हे घरबसल्या होण्यासारखं आहे.

पायरी ६: आता ते यंत्र

आरटीएमएस म्हणजे कवटीबाहेरून चुंबकाचे ठोके. तांब्याच्या वेटोळ्यातून क्षणभर मोठा प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते हाड ओलांडून आत जातं आणि मेंदूच्या वरच्या थरात बारीक प्रवाह उठवतं. मूळ तत्त्व शास्त्रज्ञ फॅरेडेचं, १८३१ सालचं. माणसाच्या मेंदूसाठी ते इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली जमवलं. ढोबळ नियम असा: सेकंदाला एक ठोका दिला तर तो भाग शांत होतो, पाच किंवा त्याहून जास्त दिले तर जागा होतो. अमेरिकेत २००८ साली नैराश्याच्या उपचारासाठी याला मान्यता मिळाली. आपल्याकडेही मोठ्या शहरांत हे यंत्र प्रामुख्याने मानसोपचाराच्या विभागात दिसतं. तिथे मशीन आहे याचा अर्थ तिथे लघवीवर उपचार होतो असा नाही, हे मुलाला पटवायला मला बराच वेळ लागला.

लघवीसाठी काय दिसलं आहे? २००७ साली इटलीतल्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या १० रुग्णांना दोन आठवडे सेकंदाला ५ ठोके दिले. लघवी बाहेर पडण्यातली अडचण कमी झाली. २००९ साली इटलीतच पार्किन्सनच्या मोजक्या रुग्णांना सेकंदाला १ ठोका देऊन पाहिलं. पिशवीत जास्त मावू लागलं, पहिली जाणीव उशिरा होऊ लागली, पण परिणाम काही आठवड्यांत ओसरला. त्यानंतर अमेरिकेत ह्यूस्टनला मल्टिपल स्क्लेरोसिसच्या १० स्त्रियांवर वेगळा प्रयोग झाला. आधी मेंदूच्या स्कॅनवर प्रत्येकीचे कुठले भाग लघवीच्या वेळी सुस्त किंवा अतिउत्साही आहेत ते पाहिलं, मग फिरत्या छोट्या चुंबकांची टोपी दोन आठवडे घातली. पिशवीत उरणारी लघवी कमी झाली. मला यातली शेवटची दिशा पटते. एकाच जागी ठोकण्यापेक्षा ज्याचा जो भाग बिघडला तोच पाहणं शहाणपणाचं. पण आकडे पाहा. दहा-दहा माणसं. एवढ्यावरून आरटीएमएस हा लघवीचा नेहमीचा उपचार ठरत नाही, आणि तसा तो ठरलेलाही नाही. आज त्याची खरी जागा संशोधनात आहे.

टीडीसीएस हे त्याचं स्वस्त भावंड. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावून १ ते २ मिलिअँपिअरचा प्रवाह २०-३० मिनिटं सोडतात. लघवीसाठी त्याचा पुरावा आणखी पातळ. ऑनलाइन मागवून किंवा बॅटरी जोडून घरी करू नका. टाळू भाजल्यावर उतारा माझ्याकडे नाही.

पायरी ७: कोणाला चालत नाही

डोक्यात धातूची क्लिप, कानाच्या आतलं इम्प्लांट, पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. बहुतेक वेळा तिथेच नाही म्हणतात. छऱ्याचा किंवा लोखंडाचा कण डोक्यात वा डोळ्यात राहिलेला असेल तर तेही, वेल्डिंग केलेल्या माणसांनी विशेषतः. मिरगीचे झटके येऊन गेले असतील, डोक्याला मोठा मार लागलेला असेल, तर सांगा. चुंबकाच्या ठोक्यांनी झटका येण्याचा धोका हजारात एकाहूनही कमी, पण तो याच माणसांत वाढतो. ट्रामाडॉलसारखी दुखण्याची गोळी, नैराश्याच्या काही गोळ्या, रात्रीचं जागरण आणि दारू यांनीही वाढतो. मोहाची घरची दारू "दारूत धरत नाही" असं म्हणणारे काका मला भेटलेले आहेत. धरायची.

पायरी ८: जायचंच ठरलं तर

पहिला प्रश्न: हा संशोधनाचा अभ्यास आहे की पैसे घेऊन केलेला उपचार? अभ्यास असेल तर त्याची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियावर असते. क्रमांक 'सीटीआरआय' या अक्षरांनी सुरू होतो आणि कोणालाही फुकट शोधता येतो. गावातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, दहा मिनिटांत काढून देईल. अभ्यासातल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, सही दुसऱ्या दिवशी करा. इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोणाची, हे त्यात लिहिलेलं असतं. मधेच सोडून द्यायचा हक्क तुमचा आहे आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. काही जणांना खोटे ठोकेही मिळतात, आवाज तोच, चुंबक नाही. यात फसवणूक नाही, तुलनेसाठी ते लागतं. आपल्याला कुठले मिळणार हे आधी कळत नाही, एवढं मनाशी धरून जा.

पैसे घेऊन करत असतील तर सरळ विचारा. मेंदूचा कुठला भाग, सेकंदाला किती ठोके, किती बैठका, आणि गुण आला हे कशावरून मोजणार? "पेशंटला बरं वाटतं" हे उत्तर पुरेसं नाही. वही आणि सोनोग्राफीतली उरलेली लघवी, हे दोन आकडे त्यांनी स्वतःहून मागितले नाहीत तर उठून या. सगळ्या बैठकांचे पैसे एकदम भरू नका.

बैठका बहुतेक आठवड्यातून पाच दिवस, दोन ते चार आठवडे चालतात. कापूस वेचणीत हे जमणार नाही, वेचणी आटोपू द्या. रोज पहाटेच्या एसटीने जाऊन-येऊन करण्यापेक्षा नातेवाइकाकडे मुक्काम बरा, कारण अपुऱ्या झोपेनंतर बैठक नको. काकी सोबत असतील तर एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच. पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत येतात, तेव्हा दिव्यांग ओळखपत्र अजून काढलं नसेल तर या निमित्ताने काढा. प्रवासात नळ्या, साबण, झाकणाचा डबा आणि एक जादा धोतर किंवा साडी वरच्या पिशवीत ठेवा, खालच्या बोजात नको. पार्किन्सनच्या गोळ्यांची वेळ चुकवू नका.

पायरी ९: खुर्चीत

शिकत असताना मी स्वतः एकदा बसले होते. आधी कानात बोळे देतात. मग वेटोळं टाळूवर थोडं थोडं सरकवत एकेक ठोका देतात आणि तुमच्या हाताकडे पाहत राहतात. कुठल्यातरी एका जागी अंगठा आपणहून उडतो. मी हलवला नव्हता, तरी उडाला, आणि मला हसू आलं. अंगठा जेमतेम उडेल एवढी ताकद ही तुमची किमान ताकद, पुढची मात्रा तिच्यावरून ठरते. मग जागेवर खूण करून ठोके सुरू. आवाज सुतारपक्ष्याने बाभळीवर टोचावं तसा, आणि टाळूवर टिचकीसारखं लागतं. सेकंदाला एक अशा ९०० ठोक्यांना पंधरा मिनिटं. जबडा किंवा भुवई उडते कधी कधी. बैठकीनंतर डोकं दुखू शकतं, साध्या गोळीने थांबतं. माणूस पूर्ण जागा असतो, भूल नाही, चालत बाहेर येतो. बसण्याआधी पिशवी रिकामी करा, नाहीतर मधेच उठावं लागेल.

पायरी १०: नंतर

पहिल्या बैठकीआधीची वही तुमच्याकडे आहेच. शेवटच्या बैठकीनंतर लगेच तीन दिवस, मग महिन्याने पुन्हा तीन दिवस. शेजारी ठेवून चार आकडे पाहा: रात्रीच्या खेपा, एका वेळची लघवी, टिंबं, आणि सोनोग्राफीत उरलेली. आकडे हलले नसतील पण बरं वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, फक्त त्यासाठी पुढचं पॅकेज घेऊ नका. आणि आकडे सुधारले तरी नळी आपल्या मनाने बंद करू नका. उरलेली लघवी सलग काही वेळा मोजून डॉक्टर सांगतील तेव्हाच नळीच्या वेळा लांबवायच्या.

काकांचं यंत्रापर्यंत गेलंच नाही. दुपारी तासभर खाटेवर पाय उशीवर, दिवेलागणीनंतर चहा बंद, हृदयाची आणि साखरेची तपासणी, घोट्याला टेन्स. दोन महिन्यांनी रात्रीच्या खेपा पाचावरून दोनावर आल्या. दिवसाची घाई थोडी आहे अजून. मुलगा अधूनमधून अभ्यासाची नोंद शोधत असतो, मिळाला तर न्यायला त्याची ना नाही, माझीही नाही. तोवर वही चालू ठेवा म्हटलं होतं. दिवाळीच्या साफसफाईत काकींनी ती कापलेली बाटली भंगारवाल्याला देऊन टाकली. आता नव्या बाटलीवर रेघा ओढायला सिरिंज घेऊन पुन्हा जायचं आहे.